फ्लूट ऐकूच आला नाही

बालनाट्यासाठी जादूच्या रानाचं हलकंफुलकं ऑर्केस्ट्रा संगीत करायला निघालेल्यांसाठी लिहितोय. स्टाफ नोटेशन वाचता येतं, कॉम्प्युटरवर वाद्यं लावता येतात, हे धरून चालतो.

माझी फजिती फ्लूटनं, म्हणजे पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रातल्या आडव्या धातूच्या बासरीनं केली. वनदेवीची धून मी त्याच्या खालच्या सप्तकात लिहिली. मागे सहा व्हायोलिन, दोन चेलो, दोन क्लॅरिनेट. सदाशिव पेठेतल्या खोलीत हेडफोनवर काय गोड वाजायचं! रेकॉर्डिंगला सगळे एकाच खोलीत, दोन माइकवर बसले आणि फ्लूटवाल्याचे फक्त ओठ हलताना दिसले. तो म्हणाला, “दादा, माझं मलाच ऐकू येत नाहीये.” इकडे स्टुडिओचं मीटर चालू.

कारण नीट समजून घ्या. आपले कान बासरीवर वाढलेत, आणि तीही माइकसमोरच्या. मंद्रातली फुंकर कशी भरून येते! फ्लूटचा सगळ्यात खालचा स्वर म्हणजे मध्य सी, पेटीवरची मधली पांढरी एक. तिथून वरचं अख्खं सप्तक मुळातच नाजूक. जास्त फुंकलं तर स्वर वरच्या सप्तकात उडी मारतो. कॉम्प्युटरवर फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, सरकवला की फ्लूट चेलोलाही झाकतो. खोलीत फेडर नसतो.

धून वर नेऊन पाहिली. ट्रॅफिक हवालदाराची शिट्टी! शेवटी बाकीच्यांना गप्प बसवलं. थोडक्यात जादू कशी करायची ते जर्मन संगीतकार मेंडेल्सनकडे बघा: त्यानं १८२६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकावर ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीचं ऑर्केस्ट्रा संगीत, लिहिलं. सुरुवातीला फुंकवाद्यांचे चार कॉर्ड, मग चार भागांत वाटलेली व्हायोलिन, तीही अगदी हळू. झालं, पऱ्या आल्या. आणि तुम्ही लगेच सेलेस्टा, ते घंट्यांसारखं किणकिणणारं पट्ट्यांचं वाद्य, उघडता! तो पॅरिसमध्ये १८८६ साली आला, म्हणजे साठ वर्षांनी. सेलेस्टाची किणकिण हा आळशी माणसाचा जादूटोणा आहे, माझं स्पष्ट मत.

घाबरू नका, हे खोडरबरानं दुरुस्त होतं. गुरू शोधत फिरण्यापेक्षा एखादा वाजवणारा मित्र धरा, चहा पाजा, नोटेशनचं पान समोर ठेवा. माझ्या सरांनी दोन वर्षं हार्मनी शिकवली, पण ही गोष्ट एकदाही सांगितली नाही. अजून राग आहे.

दुसऱ्या वेळी बोटानं छेडलेला चेलो आणि फ्लूट, एवढंच ठेवलं. तालमीत ससा झालेली पोरगी संवाद विसरून आवाज कुठून येतोय ते विंगेत शोधायला गेली. दिग्दर्शक माझ्यावरच डाफरला.