तीस लिटरचा समुद्र सांभाळताना या चुका टाळा

छोटा टँक म्हणजे कमी काम, या हिशेबाने बरेच जण नॅनो रीफकडे, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या छोट्या कोरल टँककडे वळतात. जागा कमी लागते, मीठ कमी लागतं, इथपर्यंत ते बरोबर आहे. पण तीनशे लिटरच्या टँकमध्ये एखादी गोगलगाय दगडाच्या कपारीत मरून कुजली तर टेस्ट किटवर काहीच दिसत नाही. तीस लिटरमध्ये तीच गोगलगाय दुसऱ्या दिवशी सगळे कोरल मिटायला लावू शकते. पाणी कमी, म्हणून बिघाड झपाट्याने वाढतो. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका या वेगाचा अंदाज न आल्यामुळे होतात.

पहिला हिशेब पाण्याचाच. टँकवर ४० लिटर लिहिलेलं असलं तरी वाळू, दगड आणि वर सोडलेली जागा वजा जाता आत साधारण ३० लिटर पाणी उरतं. मिनरल असो की औषध, डोस या ३० वर काढायचा. पहिल्यांदा भरताना मोजून भरा आणि तो आकडा मागच्या काचेवर मार्करने लिहून ठेवा.

उडून गेलेलं पाणी

माझ्या मते नॅनो टँकमधली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. वरून उघड्या छोट्या टँकमधून दिवसाला अर्धा लिटर पाणी सहज उडतं, वर पंखा असेल तर त्याहून जास्त. ३० लिटरमधून तीन दिवसांत दीड लिटर गेलं की ३५ पीपीटीचा (हजार भागांत ३५ भाग मीठ) खारेपणा ३६.८ वर पोचतो. मग आठवण झाल्यावर दीड लिटर गोडं पाणी एकदम ओतलं जातं आणि काही मिनिटांत तो पुन्हा ३५ वर येतो. कोरल ३४ ला जगतात, ३६ लाही जगतात. हे असं वरखाली दर आठवड्याला होत राहिलं की मात्र ते उघडायचे थांबतात, आणि मालक तोपर्यंत लाईटला दोष देत असतो.

याहून वाईट म्हणजे कमी झालेलं पाणी मिठाच्या पाण्याने भरून काढणं. अर्ध्या लिटरमध्ये साधारण १८ ग्रॅम मीठ असतं. रोज तेवढं घातलं तर आठवडाभरात ३५ चे ३९ होतात. टॉप-ऑफ, म्हणजे उडालेलं पाणी भरून काढणं, नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याने. मीठ फक्त वॉटर चेंजच्या, म्हणजे थोडं जुनं पाणी काढून त्याजागी घालायच्या नव्या पाण्यात.

हे काम आपोआप करणारा ऑटो टॉप-ऑफ घेतलात तर उत्तम, लाईटपेक्षाही आधी घ्या. फक्त दोन गोष्टी बघा. सेन्सर अडकला तर कॅनमधलं सगळं पाणी टँकमध्ये जाणार आहे, म्हणून ३० लिटरच्या टँकशेजारी २० लिटरचा कॅन ठेवू नका, तीन-चार लिटरचा पुरे. आणि नळीचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर पंप बंद झाल्यावर उलटा सायफन लागतो. हाताने भरायचं असेल तर काचेवर पट्टी चिकटवून सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं भरा.

खारेपणा मोजायला काट्याचा स्वस्त हायड्रोमीटर वापरत असाल तर काट्याला चिकटलेले बुडबुडे आधी झटकून टाका, त्यांनी आकडा जास्त दिसतो. रिफ्रॅक्टोमीटर बरा, पण तो ३५ पीपीटीच्या तयार द्रावणाने कॅलिब्रेट करायचा. शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतोय म्हणजे ३५ लाही बरोबर असेलच असं नाही. लक्ष्य ठेवायचं ते १.०२५ ते १.०२६ च्या घनतेचं आणि २५-२६ अंश तापमानाचं.

नळाचं पाणी आणि घाईत कालवलेलं मीठ

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला थेंब मिळतात, पण नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आणि तांबं त्या थेंबांनी जात नाही. माशांना चालणारं तांबं गोगलगायी, कोळंब्या आणि कोरलसाठी विष ठरतं. आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्य आलेलं पाणी वापरा. पिण्याच्या पाण्याच्या आरओवर विसंबू नका. त्यात चवीसाठी खनिजं परत मिसळलेली असू शकतात, मीटर लावून बघा.

पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी नाही. उलटं केलं तर घट्ट झालेल्या द्रावणात कॅल्शियम कार्बोनेट साका होऊन बसतं, पाणी पांढरं होतं आणि ते मीठ तर वाया जातंच. छोट्या पंपाने हलवत ठेवा, तापमान आणि खारेपणा टँकशी जुळल्यावरच ओता. वॉटर चेंज आठवड्याला १०-१५ टक्के, म्हणजे ३० लिटरमधून तीन-चार लिटर. नॅनोमध्ये एवढं नियमित केलं तर सुरुवातीचे बरेच महिने वेगळं डोसिंग लागतही नाही.

सायकल संपण्याआधी मासा

कोरड्या दगडावर सुरू केलेल्या टँकला अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवायला, म्हणजे सायकल पूर्ण करायला, साधारण चार ते सहा आठवडे लागतात. लाईव्ह रॉक (जिवाणू आधीच वसलेले दगड) किंवा बाटलीतले जिवाणू असतील तर कमी. दिवस मोजण्यापेक्षा परीक्षा घ्या: अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत २ भाग) घाला, २४ तासांनी तो शून्यावर आला तर टँक तयार. यासाठी जिवंत मासा वापरू नका. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि या पीएचला अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यातल्यापेक्षा जास्त राहतो, माशाचे कल्ले त्याने भाजत राहतात. या काळात लाईट लावायचं काही कारण नाही, लावलात तर शेवाळच वाढेल.

पुढे येतो तो शेवाळाचा काळ. याच टप्प्यावर कित्येक जण टँक मोडतात याचं मला फार वाईट वाटतं, कारण यातलं बरंचसं आपोआप सरणारं असतं. वाळूवर तपकिरी धूळ बसली, बोटाने पुसली की उडते: ते डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. सिलिकेट संपलं की जातात, हात लावू नका. नंतर हिरवे केस येतात. ते हाताने उपटा, खाणं कमी करा, दोन-तीन ट्रोकस किंवा सेरिथ गोगलगायी सोडा. ३० लिटरला पंधरा गोगलगायींची फौज नको, अर्ध्या उपाशी मरतील आणि अमोनिया करतील.

खरा त्रास डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) या सूक्ष्मजीवांचा. तपकिरी, चिकट, शेंबडासारखे धागे आणि त्यांच्या टोकाला अडकलेले हवेचे बुडबुडे. रात्री कमी होतात, दुपारपर्यंत परत जसेच्या तसे. काही जाती गोगलगायींनाही मारतात. डायटम की डायनो हे ओळखायची एक सोपी रीत आहे. थोडा चिकटा पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफी फिल्टरच्या कागदातून गाळा आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवा. तासाभरात त्या पाण्यात पुन्हा धागे जुळून आले तर डायनो. ते बहुधा नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेलेल्या, अति स्वच्छ ठेवलेल्या टँकमध्ये माजतात. अशा वेळी वॉटर चेंज वाढवणं म्हणजे त्यांचंच फावतं. फिल्टरमधलं फॉस्फेट शोषणारं मीडिया काढा, खाणं थोडं वाढवा, नायट्रेट ५-१० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमच्या आसपास येऊ द्या. लालसर-जांभळी चादर अख्खी सोलून निघत असेल तर ते सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. ती सायफनने ओढून घ्या आणि त्या कोपऱ्यात प्रवाह वाढवा.

मासे: मन आवरा

३० लिटरमध्ये एक मासा, फार तर दोन अगदी लहान. क्लाउन गोबी किंवा निऑन गोबी चालेल. क्लाउनफिशची जोडी ७०-८० लिटरच्या खाली ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. वयात आल्यावर मादी आपल्या जागेत कुणाला फिरकू देत नाही. ब्लू टँग लहान दिसला तरी तो शेकडो लिटर पोहणारा मासा आहे. मँडरिन कितीही सुंदर असला तरी तो दिवसभर कोपेपॉड (दगडांवरचे बारीक जीव) टिपत फिरतो, ते छोट्या टँकमध्ये चटकन संपतात आणि तो डोळ्यांदेखत रोडावत जातो. डॅमसेल काटक असतात, म्हणून पहिला मासा म्हणून दिले जातात, आणि नंतर आलेल्या प्रत्येकाला छळतात.

मला या आकारात सगळ्यात आवडते ती जोडी म्हणजे यशा गोबी आणि पिस्तूल कोळंबी. कोळंबीला धड दिसत नाही, ती बीळ खणते आणि गोबी दारात पहारा देतो. वाळू बाहेर टाकायला आली की तिची एक मिशी सतत माशाच्या अंगावर टेकलेली असते. त्याने शेपटी थरथरवली की ती क्षणात आत. एवढ्या छोट्या टँकमध्ये हे हातभर अंतरावरून रोज बघता येतं. मात्र दगड आधी तळाच्या काचेवर टेकवा, मग वाळू घाला. वाळूवर ठेवलेला दगड तिच्या खोदकामाने कोसळतो. आणि वर जाळी हवीच. गोबी उडी मारतात, फायरफिश तर फारच.

आणलेल्या पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. लांबून आलेली पिशवी उघडी ठेवून तासन्‌तास थेंब थेंब पाणी सोडणंही चुकीचं: कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि पिशवीत साचलेला अमोनिया विषारी होतो. तापमान जुळवा, खारेपणा मोजा, फरक कमी असेल तर लवकर सोडा.

कोरल: जागा आणि शेजार

सुरुवात मश्रूम, झोएंथिड, डंकन, कँडी केन यांच्यापासून करा. ग्रीन स्टार पॉलिप आणि झीनिया वेगळ्या, सुट्या दगडावरच लावा, मुख्य दगडावर चढले की परत निघत नाहीत. टॉर्च आणि हॅमर दिवसा शांत दिसतात, रात्री लांब दंश करणारे तंतू सोडतात. त्यांच्याभोवती चहूकडे १५ सेंटीमीटर मोकळं सोडलं तर छोट्या टँकमध्ये किती जागा उरते ते घेण्याआधीच मोजा. ॲनिमोन तर नकोच. तो फिरतो, पंपात सापडला की फाटतो आणि सगळा टँक सोबत नेतो. अक्रोपोरा हे नाजूक कोरल तुमचे आकडे काही महिने जागचे हललेले नसतील तेव्हाच.

लाईट नवीन असेल तर ३०-४० टक्क्यांवर सुरू करून काही आठवड्यांत चढवा, दिवसाला आठ-नऊ तास. कोरल पांढरं पडत असेल तर उजेड कमी करा किंवा त्याला खाली आणा. तपकिरी होऊन लांबट ताणत असेल तर त्याला उजेड हवाय.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. काही झोएंथिड आणि विशेषतः पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, ते माणसालाही घातक आहे. हे कोरल कापताना, दगडावरून खरवडताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि कीड मारायला त्यांचा दगड उकळत्या पाण्यात कधीही टाकू नका. वाफेतून विषबाधा होऊन माणसं रुग्णालयात गेली आहेत. घरात लहान मुलं असतील तर हे सगळ्यांना सांगून ठेवा.

नवीन कोरल डिपमध्ये (कीड काढणाऱ्या द्रावणात) बुडवून, निरखून मगच आत. काचेसारखी पारदर्शक, तपकिरी छोटी फुलं दिसली तर ती ॲप्टेसिया. चिरडू नका, प्रत्येक तुकड्यातून नवीन उगवतं. एक-दोन असतील तर पंप बंद करून कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट तिच्या तोंडावर सोडा.

आकड्यांच्या मागे धावणं

क्षारता ८ डीकेएच (क्षारता मोजायचं एकक), कॅल्शियम ४२० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास असलं की झालं. ७.५ दिसलं म्हणून कुणी लगेच चमचाभर बेकिंग सोडा घालतो. ३० लिटरमध्ये एक ग्रॅम सोड्याने क्षारता सुमारे १.१ डीकेएच वाढते. पाच ग्रॅमचा चमचा म्हणजे एका फटक्यात साडेपाच. दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त हलवू नका, आणि डोस देण्याआधी टेस्ट दुसऱ्यांदा करा. हीटर आणि पंपावर पांढरा कठीण थर जमत असेल, तर क्षारता गरजेपेक्षा वर गेली आहे का ते आधी तपासा.

हीटरचंही तेच. १०० वॉटचा हीटर चालूच अडकून राहिला तर ३० लिटर पाणी तासाला जवळपास ३ अंशांनी तापू शकतं. २५-३० वॉटचा घेतला तर आपल्याला कळेपर्यंत वेळ मिळतो. बाहेरचा कंट्रोलर लावला तर अधिक बरं.

सगळं मिटलेलं दिसलं तर

औषधाची वा डोसची बाटली उघडण्याआधी या क्रमाने बघा: तापमान, खारेपणा, अमोनिया. मग प्राणी मोजा, कोण दिसत नाहीये ते शोधा, वाळूतली गोगलगाय काढून हुंगा. मेलेलीचा वास चुकत नाही. मग पंप चालतोय का, त्यात काही अडकलंय का. क्षारता यानंतर. कारण सापडेपर्यंत २० टक्के वॉटर चेंज आणि फिल्टरमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन, एवढंच. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने गुण आला आणि कशाने बिघडलं, काहीच कळणार नाही.

वीज गेली तर पहिली चिंता ऑक्सिजनची. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या आणि वीज जाताच लावा. मासे वर येऊन धापा टाकायची वाट बघू नका. खायला घालू नका. थंडी असेल तर काचेभोवती चादर गुंडाळा. बाहेरचा बंद डब्याचा फिल्टर असेल आणि तो काही तास बंद राहिला असेल, तर वीज आल्यावर तसाच चालू करू नका, आतलं साचलेलं पाणी आधी फेकून द्या.