डिझेल बुलेटचा गिअर ठरवताना या चुका टाळा

डिझेल मोटरसायकल म्हटलं की आपल्याकडे अजून एनफिल्डची टॉरस आठवते. ३२५ सीसीचं ग्रीव्हज-लोम्बार्डिनी इंजिन, साडेसहा हॉर्सपॉवर, ताशी ६५ च्या आसपास दम संपायचा, पण लिटरमागे सत्तरच्या घरात ऍव्हरेज. ते आकडे डोक्यात ठेवून आजही कोणी जुनी टॉरस उभी करतं, कोणी बुलेटच्या चेसिसमध्ये डिझेल इंजिन बसवतं. इंजिन शोधायला माणूस अकोल्यापासून नागपूरपर्यंतचे कबाडी पालथे घालतो, आणि गिअर मात्र मिस्त्रीच्या मर्जीवर सोडतो. ऍव्हरेज बुडतं ते इथेच.

आधी कागदाचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतात. म्हणून पेट्रोल बुलेटवर हात घालण्याआधी आरटीओत विचारा. कारखान्यातूनच डिझेल म्हणून आलेली, आरसीवर तशी नोंद असलेली गाडी मिळाली तर ती घेणं केव्हाही बरं.

पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) मोठं करणे

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. "भाऊ, पुढं दोन दात वाढवून देतो, ऍव्हरेज पायजा कसं वाढते." ऐकायला पटतं, कारण डिझेलला ओढ असते आणि इंजिन कमी फिरलं तर तेल कमी लागेल असं वाटतं. आता हिशेब करून पाहू. ३५० बुलेटला साधारणपणे प्रायमरीत, म्हणजे इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनला, २५ आणि ५६ दात, मागच्या चेनला पुढे १६ आणि मागे ३८. मॉडेलप्रमाणे फरक पडतो, तेव्हा आपल्या गाडीचे दात स्वतः मोजा. चौथा गिअर सरळ एकास एक. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ५.३२ फेरे. १९ इंची मागचं चाक एका फेऱ्यात दोन मीटरच्या आसपास जातं. ताशी ५० ला इंजिन सुमारे २,२०० आरपीएमवर. ज्या डिझेलचा गव्हर्नर (इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारा भाग) ३,६०० ला अडवतो, त्याला ही जागा चांगली मानवते.

आता १८ दातांचं टाका. ताशी ५० ला इंजिन १,९७० वर येतं. एकटे असाल, वारं पाठीशी असेल, तर मजा आहे. पण मागे माणूस, टाकीवर सोयाबीनच्या बियाण्याची बॅग आणि समोरून वैशाखातलं वारं, की चौथ्यात गाडी काळा धूर सोडून गुरगुरायला लागते. मग तुम्ही तिसरा टाकता. तिसरा १.३६ चा, म्हणजे त्याच वेगाला इंजिन २,७०० च्या जवळ! जुन्या चौथ्यापेक्षा पाचशेनं जास्त. दात वाढवले तेलासाठी, आणि दिवसभर गाडी चालते तिसऱ्यावर.

दुसरा फटका पांदणीत बसतो. मूळच्या १६ दातांवरही पहिल्या गिअरात १,५०० आरपीएमला गाडी ताशी १२ नं जाते. आषाढात काळ्या मातीच्या पांदणीत बारानं जाणारा कोणी मला तरी भेटला नाही. म्हणून लोक क्लच अर्धा दाबून रांगतात आणि प्लेटा जाळतात. वावरात जाणं-येणं जास्त असेल तर दात वाढवायचा विचारच सोडा, उलट १५ चं लावून पाहा. एका वेळी एकच दात बदला आणि मधे निदान दोन टाक्या चालवा.

पंपसेटचं इंजिन, बुलेटचा गिअर

विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन बहुधा १,५०० आरपीएमचं असतं. वर हिशेब केलेल्या त्याच दातांवर, चौथ्यात, ते ताशी ३४ देईल, बस. वेग पुरत नाही म्हणून मग कोणीतरी गव्हर्नरचं सील तोडून स्प्रिंग ताणतो. हे करू नका. त्या जड फ्लायव्हीलला आणि कनेक्टिंग रॉडला तेवढे फेरे झेपायला बनवलेलंच नसतं, आणि तुटलं की ते तुमच्या मांडीजवळ तुटतं. वजनाचं तर बोलायलाच नको.

स्कूटरचा व्हेरिएटर

गिअर टाकायची कटकट नको म्हणून स्कूटरचा व्हेरिएटर, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा बेल्ट, लावायची टूम निघते. स्कूटरचं इंजिन सहा-सात हजारांच्या पुढे पळतं. व्हेरिएटरचे रोलर आणि सेंट्रिफ्यूगल (फेरे वाढले की आपोआप धरणारा) क्लच त्या फेऱ्यांवर बेतलेले. डिझेल ३,६०० ला थांबतं, तोवर रोलर नीट बाहेर सरकतही नाहीत आणि गाडी कायम पहिल्या गिअरसारखी किंचाळते. वजनं बदलून जमवता येतं, पण रबरी बेल्टमध्ये घसरण आणि उष्णता असतेच. चेन आणि गिअरइतकी ताकद तो चाकापर्यंत पोचवत नाही. त्यात चंद्रपूरकडचा ४५ च्या वरचा उन्हाळा आणि फुफाटा. मी तरी लावणार नाही. तीनचाकीचा गिअरबॉक्सही तसाच बाद: गिअर फार छोटे आणि पोटात डिफरन्शियल, म्हणजे दोन मागच्या चाकांना ताकद वाटणारी जोडणी.

इंजिन बसवण्याआधी त्याच्या फिरण्याची दिशा पाहा. गाडीच्या डावीकडे उभं राहिलं तर पुढे जाणारं चाक घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. चेन दिशा बदलत नाही, म्हणून प्रायमरीकडचा शाफ्टही डावीकडून तसाच फिरायला हवा. नाहीतर चारही गिअर रिव्हर्स.

ऍव्हरेज पडलं, आता कुठे पाहायचं?

चौथ्यात, सपाट रस्त्यावर ताशी ४० ला थ्रॉटल पूर्ण उघडा. धूर काळा आणि वेग जागेवर, तर बहुधा गिअर मोठा झालाय, म्हणजे पुढचे दात जास्त झालेत. पण एअर फिल्टर तुंबलेला असला तरी हेच होतं, म्हणून आधी तो झाडा. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी ओढत नाही, तर क्लच घसरतोय. पन्नासच्या आधीच गव्हर्नर अडवतो, तर गिअर छोटा.

यातलं काहीच नसेल तर गाडी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हातानं फिरवा. डिझेलचा प्रत्येक ठोका चेनवर आदळतो, त्यामुळे चेन एका जागी ताणलेली आणि दुसऱ्या जागी लोंबलेली सापडते. प्रायमरी चेनही तशीच बघा आणि मागच्या हबचे रबर दाबून पाहा. गळतं म्हणून गिअरबॉक्समध्ये घट्ट ग्रीस ठासलेलं असेल तर ते काढा, सील बदला आणि ९० नंबरचं गिअर ऑइल भरा. ऍव्हरेज पुन्हा मोजायचं ते टाकी फुल ते टाकी फुल, एकाच पंपावर.