सोनोग्राफीत ‘किडनीत गाठ’ आलं तर: सीटीपासून ऑपरेशनपर्यंतची तयारी

किडनीचा कॅन्सर हल्ली बहुतेक वेळा दुसरंच काही शोधताना सापडतो. पित्ताशयातले खडे बघायला सोनोग्राफी केलेली असते आणि रिपोर्टात खाली कुठेतरी ‘उजव्या किडनीच्या लोअर पोलला एसओएल’ असं छापून येतं. लोअर पोल म्हणजे खालचं टोक आणि एसओएल म्हणजे जागा व्यापणारी गाठ, एवढंच. कॅन्सर ठरलेला नसतो. छोट्या गाठी सहसा सावकाश वाढतात, त्यामुळे तयारीत दोन आठवडे गेले तर बिघडत नाही. चार महिने घालवू नका.

आधी एका कागदावर लक्षणं लिहून काढा, कारण ओपीडीत निम्मं सांगायचं राहतं. लघवीतून रक्त गेलं असेल तर कधी, किती वेळा, दुखत होतं का. गुठळ्या गांडुळासारख्या लांबट होत्या का, हेही लिहा. त्या मूत्रवाहिनीत साकळलेल्या असतात, म्हणजे रक्त वरून, किडनीकडून येतंय. आदल्या दिवशी बीट खाल्लं असेल किंवा क्षयाची रिफॅम्पिसिन चालू असेल तर तेही नोंदवा, दोन्हींनी लघवीचा रंग बदलतो. रक्त दोन दिवसांनी आपोआप थांबतं, मग ‘उष्णता झाली होती’ म्हणून धने-जिऱ्याच्या पाण्यावर विषय मिटतो. खरी चूक इथेच होते. रक्त, कुशीत दुखणं आणि हाताला लागणारी गाठ ही तिन्ही लक्षणं एकत्र फार थोड्या रुग्णांत दिसतात, आणि दिसतात तेव्हा सहसा आजार पुढे गेलेला असतो. वजन उतरणं, कारण न सापडणारा ताप, नव्याने वाढलेलं बीपी यांचीही नोंद हवी. पुरुषांनी संकोच सोडून आणखी एक सांगावं: डाव्या बाजूच्या अंडकोशात नव्याने फुगलेल्या आणि आडवं झाल्यावरही न उतरणाऱ्या शिरा. घरात कोणाला किडनीचा कॅन्सर झाला असेल किंवा रुग्णाचं वय पंचेचाळिशीच्या आत असेल, तर जनुकीय तपासणीचं विचारून ठेवा.

जुन्या सोनोग्राफीचे रिपोर्ट शोधा. पाच वर्षांपूर्वीही गाठ तेवढीच होती, हे कळलं तर त्याचं मोल एखाद्या नव्या महागड्या तपासणीइतकं आहे.

पुढची पायरी कॉन्ट्रास्ट सीटीची, म्हणजे शिरेतून डाय (चित्रात उठून दिसणारा द्रव) देऊन केलेल्या सीटीची. मुतखड्यासाठी करतात तो साधा सीटी इथे पुरत नाही. डाय देण्याआधीची आणि नंतरची, दोन्ही चित्रं लागतात, कारण गाठ डाय किती घेते यावरच निदान उभं असतं. फरक साधारण 20 हाउन्सफील्ड युनिटांहून (सीटीतल्या घनतेचं माप) जास्त असेल तर गाठीत रक्तपुरवठा आहे असं धरतात. जाताना क्रिॲटिनिन आणि ईजीएफआर (किडनी किती काम करते ते सांगणारे रक्ततपासणीतले आकडे) यांचा ताजा रिपोर्ट न्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर आधीच सांगा; ईजीएफआर 30 च्या खाली असेल तर ती 48 तास थांबवतात. डायची किंवा कशाचीही ॲलर्जी, दमा, थायरॉइड यांपैकी काही असेल तर तेही सांगा. डाय गेल्यावर अंग तापतं, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. मिनिटभरात उतरतं, घाबरू नका. छातीचा सीटीही करायचा असेल तर त्याच वेळी होईल का ते विचारा. निघताना फिल्मवर समाधान मानू नका. डायकॉम (सीटीची मूळ डिजिटल) फाइल असलेली सीडी मागा आणि काउंटरवरच उघडते का बघा. पुष्कळदा सीडीत नुसते फोटो निघतात, आणि सर्जनला किडनीच्या रक्तवाहिन्या एकेक काप सरकवत बघायच्या असतात.

स्वतःहून पेट स्कॅन करून घेऊ नका. त्याचा ट्रेसर (त्यासाठी शिरेतून देतात ते किरणोत्सारी द्रव्य) किडनीवाटेच बाहेर पडतो, म्हणून किडनी तशीही चमकते आणि गाठ झाकली जाते.

रिपोर्टात ‘बॉस्नियाक’ (पाण्याच्या गाठींची प्रतवारी) असेल तर गाठ पाण्याची आहे: 1 आणि 2 सोडून द्यायच्या, 2एफ वर नजर ठेवायची, 3 आणि 4 गंभीरपणे घ्यायच्या. ‘अँजिओमायोलायपोमा’ ही चरबीची, सहसा निरुपद्रवी गाठ. गाठ ‘रीनल पेल्व्हिस’मध्ये (किडनीत लघवी गोळा होते त्या भागात) असेल तर तो बहुधा वेगळा कॅन्सर असतो आणि त्याचं ऑपरेशनही वेगळं. बायोप्सी प्रत्येकाला लागत नाही. सीटी स्पष्ट असेल आणि गाठ काढायचीच असेल तर थेट ऑपरेशन होतं. गाठ जाळायची किंवा गोठवायची असेल, किंवा आजार पसरलेला असून औषधं सुरू करायची असतील, तर बायोप्सी हवीच.

सर्जनला पहिला प्रश्न रोबोटने ऑपरेशन करण्याचा विचारू नका. विचारा, ‘किडनी वाचेल का?’ 4 सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत शक्यतो तेवढाच भाग काढतात, 7 पर्यंतही जागा सोयीची असेल तर जमतं. या ऑपरेशनात धमनी काही वेळ चिमट्याने बंद करतात आणि हा वेळ 25-30 मिनिटांच्या आत राखायचा असतो. म्हणून अशी ऑपरेशनं तिथे नेहमी होतात का, हे विचारण्यात गैर काही नाही. सगळी किडनी काढू असं उत्तर आलं तर कारण विचारा आणि दुसरं मत घ्या. वय झालेल्या, हृदयाचा त्रास असलेल्या माणसाची दोन सेंटिमीटरची गाठ नुसती नजरेखाली ठेवणं हाही मान्य उपचार आहे.

तारीख ठरली की रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं हृदयाच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या. स्टेंट असेल तर मनाने काहीच बंद करू नका. तंबाखू आणि विडी आजपासून बंद. चालू असलेले काढे, भस्मं झाकून ठेवू नका, पुड्या सोबत न्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर दाखल होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) रेशन कार्ड, आधार आणि सीटीचा रिपोर्ट दाखवा, मंजुरीला वेळ लागतो.

ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीच्या कागदावर चार गोष्टी बघा: प्रकार (बहुधा क्लिअर सेल), ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात), काढलेल्या भागाच्या कडा कॅन्सरपासून मोकळ्या आहेत का, आणि स्टेज (आजार किती पुढे गेलाय). नेहमीची किमो या कॅन्सरवर फारशी चालत नाही. आजार उलटण्याचा धोका जास्त असलेल्यांना वर्षभर पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं (प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध जागं करणारं) औषध सुचवतात. पसरलेल्या आजारात इम्युनोथेरपी आणि सुनिटिनिब, कॅबोझँटिनिब यांसारख्या गोळ्या. चार ते सहा आठवडे भरलेली बादली किंवा सिलिंडर उचलू नका. अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घेऊ नका. अख्खी किडनी काढल्यावर क्रिॲटिनिन थोडं चढतं आणि बहुधा तिथेच स्थिरावतं. तो आकडा तारखेसह फाइलच्या पहिल्या पानावर लिहा, पुढच्या प्रत्येक तपासणीत त्याच्याशीच तुलना होईल.