फिल्टर बदलल्यावर डिझेल गाडीने एअर धरली तर

घरच्या घरी डिझेल फिल्टर बदलला, गाडी दोन सेकंद चालली आणि बंद पडली, आता नुसता सेल्फ फिरतोय. म्हणजे एअर धरली, डिझेलच्या नळीत हवा शिरून अडकली. इथे सेल्फ मारत राहणं सगळ्यात महागात पडतं. इंजेक्टरला जोराच्या दाबाने डिझेल देणाऱ्या हाय-प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं. तो कोरडा फिरला की आतून खरवडतो आणि तो कीस थेट इंजेक्टरमध्ये जातो. एका वेळी १० सेकंद, मग मिनिटभर थांबा. तीन खेपांत जमलं नाही तर चावी काढून ठेवा.

फिल्टरजवळ हँड प्राइमर (हाताने दाबून डिझेल ओढायचा छोटा पंप) असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. ३०-४० दाब सहज लागतात. हवा बाहेर सोडायचा ब्लीड स्क्रू असल्यास अर्धा फेरा सैल करा, फेस थांबून सलग डिझेल आलं की आवळा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत चावी 'ऑन' करून घूं आवाज थांबू द्या, बंद करा. असं चार-पाच वेळा. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत नोझलचे नट सैल करून एअर काढतात, पण कॉमन रेलमध्ये, म्हणजे एकाच जाड नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल जाणाऱ्या नव्या इंजिनात, ते अजिबात करू नका. तिथला दाब १००० बारच्या वर जातो, फवारा कातडीतून आत घुसतो. हवेच्या नळीत स्टार्टिंग स्प्रेही मारू नका. थंड इंजिन सुरू व्हायला आत उष्णता देणारे ग्लो प्लग तापलेले असले तर तिथेच भडका उडतो.

प्राइमर कडकच होत नसेल, किंवा संध्याकाळी सुरू झालेली गाडी सकाळी पुन्हा रुसत असेल, तर हवा कुठून तरी शिरतेय. बाहेर थेंबही दिसत नाही म्हणून लोक फसतात. प्राइमरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला गळती असेल तर दाबताना डिझेल पाझरतं. पण टाकीकडच्या बाजूला पंप ओढत असतो, तिथे डिझेल बाहेर न येता हवाच आत जाते. प्राइमरची टाकीकडची नळी काढून स्वच्छ डिझेलच्या बाटलीत बुडवा. आता कडक झाला तर दोष टाकीच्या बाजूचा.

आधी फिल्टरची ओ-रिंग, म्हणजे सांधा घट्ट बसवणारी रबरी रिंग बघा. जुनी रिंग हाऊसिंगला चिकटून राहते आणि नवी तिच्यावर बसते, हे फार वेळा होतं. जुन्या फिल्टरचा पाण्याचा सेन्सर नव्याला लावला असेल तर त्याचीही रिंग नवी घ्या, डिझेलचा हात फिरवून बसवा. फिल्टर हातानेच आवळा, पान्याने नको; पुढे किती फिरवायचा ते त्याच्यावर छापलेलं असतं. मग गाडीखाली. आपल्याकडे खारी हवा आणि क्लिपांत अडकलेली ओली लाल माती लोखंडी पाइपाला तिथेच खाते. सुईच्या टोकाएवढं भोक पुरतं. घाटीत गाडी चढाला लावून टाकीत डिझेल पावच असेल, तर पाइप न फुटताही हवा ओढली जाते.

पावसाळ्यात फिल्टरखालच्या ड्रेनमधून पेलाभर डिझेल काचेच्या बरणीत काढून ठेवा. पाणी तळाशी वेगळं दिसतं. होडीसाठी पिंपात साठवलेलं डिझेल गाडीत ओतलं असेल तर हे करायलाच हवं. स्क्रू गंजला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारा. प्लास्टिकचा असेल तर पक्कड लावू नका, तुटला की नवाच फिल्टर आणायला लागतो.