सायकलिंग शॉर्ट्स घेताना आधी मांडी मोजा

अंगाने भरलेल्या बायका शॉर्ट्स घेताना बहुतेक वेळा कमरेचं माप बघतात आणि फसतात. टेप मांडीच्या सगळ्यात जाड भागावर आणि नितंबांवर फिरवा, मग कंपनीचा साइज चार्ट उघडा. दोन मापं वेगवेगळ्या साइजमध्ये येत असतील तर मोठी साइज घ्या. पण फार सैलही नको, कारण सैल कापडाला चुण्या पडतात आणि त्याच कातडी सोलतात.

लांबी गुडघ्याच्या थोडी वर येईल अशी बघा. आखूड शॉर्ट्स पेडल मारताना वर गुंडाळत जातात आणि मांडीला मांडी घासते. पायाच्या टोकाला बारीक इलॅस्टिक असेल तर ते रुततं, रुंद मऊ पट्टी बरी. कमरेलाही तसाच रुंद, उंच पट्टा हवा. वाकल्यावर तो पोटाखाली घसरत नाही.

घालून बघताना नुसतं आरशासमोर उभं राहू नका. हँडल धरल्यासारखं पुढे वाका, गुडघे वर घ्या, खुर्चीच्या कडेवर बसा. उभं असताना पॅड, म्हणजे बैठकीच्या जागी आत शिवलेली मऊ गादी, थोडं फुगीर, विचित्र वाटतं, ते साहजिक आहे. बसल्यावर मात्र ते बैठकीच्या दोन्ही हाडांखाली नेमकं यायला हवं आणि अंगाला चिकटून राहायला हवं. साइज मोठी मिळते म्हणून पुरुषांची शॉर्ट्स घेऊ नका, त्यातल्या पॅडचा आकार वेगळा असतो.

आणि हो, आत निकर घालायची नाही! तिच्या शिवणीच सगळ्यात जास्त काचतात.