पीएचडीनंतर कंपनीत जायचंय? या चुका टाळा

व्हायव्हा झाला, गाईडच्या पाया पडून झालं, नावापुढे डॉक्टर लागलं म्हणून गल्लीत पेढे वाटून झाले. यानंतर आपली मुलं प्लेसमेंट सेलचा फॉर्म शोधतात. तोवर उशीर झालेला असतो. प्रबंध सादर व्हायच्या निदान वर्षभर आधी ही धावपळ सुरू करावी, कारण पीएचडीवाल्यांना कंपनीत जायला मदत करणारे करिअर कार्यक्रम नोकरी हातात ठेवत नाहीत. ते सीव्ही तपासून देतात, सरावाची मुलाखत घेतात, कंपनीतल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याशी गाठ घालून देतात. बाकी सगळं आपणच करायचं, आणि त्याला वेळ लागतो.

मी रसायनशास्त्रात पीएचडी करून आता अंकलेश्वरला औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे. सुट्टीत भुसावळच्या गाडीने अमळनेरला घरी येतो, तेव्हा ओसरीवर दोन-तीन ज्युनिअर सीव्ही घेऊन हजर असतात. विप्रोची सुरुवात 1945 साली याच अमळनेरात वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून झाली, तरी आमच्याकडे पीएचडी म्हणजे प्राध्यापकीच, हे डोक्यातून जात नाही. असो.

सर्वात जास्त ऐकतो ते हे : ‘दादा, शंभर ठिकाणी अर्ज केले, एक फोन नाही.’

मागच्या खेपेला एकाचा सीव्ही पाहिला. पाच पानं. वरच विषय : केळीच्या खोडातल्या सेल्युलोजपासून नॅनो-संमिश्रांची निर्मिती व अभ्यास. खाली पेपर, परिषदा, पोस्टर. मी विचारलं, ‘कोणतं मशीन तू एकट्याने चालवतोस?’ म्हणाला, ‘यूटीएम. तीन वर्षं मीच सांभाळलं. कॅलिब्रेशनवाला यायचा तेव्हाही मीच असायचो.’ म्हणजे प्लास्टिकची ताणशक्ती मोजणारं मशीन पोराच्या हातातलं! हे सीव्हीत कुठे होतं? चौथ्या पानावर, ‘इतर’ या मथळ्याखाली, एक शब्द. पाइप आणि चटयांचे कारखाने जळगाव एमआयडीसीत, आणि हा पुण्याच्या औषध कंपन्यांना अर्ज टाकत बसलेला. आम्ही पाच पानांची दोन केली. पहिल्या चार ओळींत मशीन, कोणत्या चाचण्या, किती नमुने, दोन एम.एस्सी.च्या मुलांना शिकवलं ते. प्रबंधाचं नाव खाली, एका ओळीत. सीव्ही तपासून देणाऱ्या कार्यक्रमात जाल तेव्हा ही यादी घरून करून न्या. तुम्ही लॅबमध्ये काय केलंत हे तिथल्या माणसाला कुठून माहीत असणार?

स्वतःकडे काय आहे हेच कळत नसेल, तर ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या ‘सायन्स करिअर्स’ विभागाचं ‘माय-आयडीपी’ हे मोफत ऑनलाइन साधन भरून पाहा. इंग्रजीत आहे, 2012 पासून आहे, आणि विज्ञानातल्या पीएचडीवाल्यांसाठीच केलेलं आहे. त्यातले काही व्यवसाय परदेशी वळणाचे वाटतील, तेवढे सोडा.

फोन येतो पण पहिल्याच फेरीत गाडी अडते, तेव्हा चूक वेगळी असते. माझीच सांगतो. पहिल्या मुलाखतीत विचारलं, एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, औषधाचा निकाल मर्यादेबाहेर आला तर काय कराल? मी ऐटीत म्हणालो, ‘सर, परत इंजेक्ट करीन.’ समोरच्यांनी पेन खाली ठेवलं. प्रयोगशाळेत आपण हेच करतो ना, आलेख वाकडा आला की पुन्हा! औषध कंपनीत पहिला निकाल असा पुसता येत नाही. आधी वरिष्ठांना कळवायचं, तयार द्रावण फेकायचं नाही, वजन, डायल्यूशन, स्टँडर्ड, कॉलम, गणित क्रमाने तपासायचं. लॅबची चूक सापडली आणि ती कागदावर दाखवता आली, तरच तो निकाल बाद. अमेरिकेत 1993 साली बार लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या खटल्यात कोर्टाने नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. हे मला प्रबंधाच्या कोणत्याही प्रकरणात लिहावं लागलं नव्हतं.

म्हणून सरावाची मुलाखत प्राध्यापकांकडून घेऊ नका, ते प्रबंधावरच प्रश्न विचारतात. कार्यक्रमवाल्यांना सांगा, मला कंपनीच्या क्वालिटी विभागातला माणूस द्या. आणि तपासणीची पद्धत प्रमाणित केली म्हणून सीव्हीत आयसीएचचं, म्हणजे औषधांसाठी तांत्रिक मार्गदर्शिका काढणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं, नाव घेणार असाल, तर अशा पद्धतींबद्दलच्या तिच्या क्यू-टू मार्गदर्शिकेची नवी आवृत्ती नोव्हेंबर 2023 मध्ये आली आहे. प्रबंधात जुनी असेल. विचारलं तर फरक सांगता आला पाहिजे.

सीनिअरला ‘सर, व्हेकन्सी असेल तर सांगा’ असा मेसेज टाकणं बंद करा, त्याला उत्तर देता येत नाही. ‘तुमच्या लॅबमध्ये दिवस कसा जातो, दहा मिनिटं बोलाल का?’ याला बहुतेक जण हो म्हणतात. आणि आधी हजारो रुपये मागून नोकरीची हमी देणाऱ्या क्लासकडे पाठ फिरवा.

पगाराचं एक सांगतो. एसआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी सीनिअर रिसर्च फेलोशिप, जानेवारी 2023 पासून महिना 42,000 आहे. लहान कंपनीचा पहिला आकडा त्याच्या खाली निघू शकतो आणि घरी ते समजावणं जड जातं. ‘तासिका तत्त्वावर कॉलेजात जा, निदान गावात राहशील’ हा सल्ला त्याच दिवशी येतो. जायचं तर जा, पण दोन्ही दगडांवर पाय ठेवून तीन वर्षं काढलेला माणूस कंपनीला तो काळ कोणत्या शब्दांत सांगणार, याचा विचार आधी करा.

मुलाखतीला बांधलेला प्रबंध नेऊ नका. मी नेला होता. कुणी उघडला नाही. परतीच्या गाडीत नंदुरबारपर्यंत उशीला मात्र चांगला लागला.