आवडत्या हॉटेलातला पदार्थ घरी कसा उतरवायचा

आमचं आवडतं हॉटेल बंद होणार हे आम्हाला दोन महिने आधी कळलं. मालकांनी स्वतः टेबलापाशी येऊन सांगितलं. बाबा तेव्हा टोमॅटो सूप पीत होते, त्यांनी चमचा खाली ठेवला. सतरा वर्षं आम्ही तिथे जात होतो. मेन्यूकार्डावर चाळीसेक पदार्थ होते, पण बाबांनी सूप न मागवता जेवण केलंय असं मला आठवत नाही. घरी येताना म्हणाले, "तू करून बघ ना." मी हो म्हटलं. रात्री वही-पेन घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं, की शेकडो वेळा प्यालेल्या त्या सुपात टोमॅटो सोडून काय आहे, ते मला सांगताच येत नाहीये.

पुढचे आठ शनिवार मी वही घेऊन तिथे गेले. त्या आठ शनिवारांत आणि नंतर घरी केलेल्या अकरा खेपांत जी पद्धत हाताला लागली, ती इथे लिहिते. उदाहरण सुपाचं आहे, पण पद्धत कुठल्याही पदार्थाला लागू पडते. माझा अनुभव एवढाच, की माणसं ज्या पदार्थासाठी परत परत येतात त्यात गुपित असं फारसं काही नसतं. मीठ बरोबर असतं, आच बरोबर असते, वेळ दिलेला असतो, आणि हे तिन्ही रोज तसंच केलेलं असतं.

हॉटेल उघडं आहे तोवर नीट खाऊन घ्या

सगळी नोंद पहिल्या चार-पाच घासांत करा. पुढे जीभ सरावते. एकच चव खात राहिलं की तिची गोडी कमी होत जाते, दुसऱ्या पदार्थांची मात्र तेवढी होत नाही. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हे प्रयोगातून दाखवलं. मी आधी सूप संपवून मग लिहायचे, आणि प्रत्येक वेळी एकच शब्द सुचायचा: "छान". त्याचा काही उपयोग नव्हता.

पहिला घास नाक चिमटीत धरून घ्या. या वेळी जे कळतं ते जिभेचं: खारट, आंबट, गोड, कडू, आणि तो पाचवा मांसल, भरीव स्वाद, ज्याला उमामी म्हणतात. मग चावता चावताच नाक सोडा. घशाच्या मागून वास नाकात चढतो आणि पदार्थ एकदम उमलतो. त्या क्षणी जे वाढलं ते वासाचं. हे दोन भाग वेगळे लिहिले की निम्मं काम होतं, कारण जिभेचा भाग तुम्ही तराजूवर दुरुस्त करू शकता, वासाचा भाग आचेवर आणि वेळेवर.

एक चमचाभर बाजूला काढून गार होऊ द्या. गार पदार्थात गोडी दबते (वितळलेलं आइस्क्रीम किती गोड लागतं ते आठवा), म्हणून आंबटपणा आणि मीठ स्पष्ट कळतात. ताटली थोडी कलती करा: रस पाण्यासारखा पळतो की सावकाश सरकतो? वर तेलाचे थेंब दिसतात की स्निग्धता आत मिसळलेली आहे? गिळल्यावर तोंडात काय उरतं, तेही लिहा. माझ्या वहीत दुसऱ्या शनिवारी आहे: "भाजलेल्या कांद्याचा वास. टोमॅटोचा कच्चेपणा अजिबात नाही. गोडसर, पण साखरेची गोडी नाही. गिळल्यावर जिभेच्या कडांना काहीतरी चिकटून राहतं, पुढचा घोट घ्यावासा वाटतो."

विचारायचं कसं

पाककृती मागू नका. ती त्यांची आहे, शिवाय वीस लिटरची कृती ऐकून तुमच्या दीड लिटरच्या पातेल्याला काही मदत होत नाही. गर्दी ओसरल्यावर एकच, नेमका, हाताच्या कामाबद्दलचा प्रश्न विचारा. मी चौथ्या शनिवारी विचारलं, "कांदा किती वेळ परतता?" मुख्य आचारी बाहेर आले, माझी वही पाहिली आणि म्हणाले, "ताई, तासाला पाच-दहा मिनिटं कमी. मंद." पुढच्या शनिवारी त्यांनी आपणहून आणखी एक गोष्ट दाखवली: जुन्या, कडक चीजची टणक साल. ती सुपात उकळत टाकायची आणि शेवटी काढायची. मनापासून विचारलं की स्वयंपाक करणारी माणसं मोकळेपणाने सांगतात.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. आतले जिन्नस कळावेत म्हणून ॲलर्जी असल्याचं खोटं सांगू नका. चांगलं स्वयंपाकघर अशा माणसासाठी भांडी, चिरायच्या पाट्या, सगळं वेगळं घेतं. खऱ्या ॲलर्जीवाल्यांचा जीव त्या सवयीवर अवलंबून असतो, तिचा उपयोग हेरगिरीसाठी करणं मला पटत नाही.

त्या सालीने काय होतं ते मी नंतर समजून घेतलं. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या काढ्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. मुरलेल्या चीजमध्ये ते भरपूर असतं, पिकलेल्या टोमॅटोतही असतं. टोमॅटोत ते मांसल भागापेक्षा बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात जास्त असतं, त्यामुळे तो गर काढून टाकणारी कुठलीही कृती मी आता बाजूला ठेवते. जिभेच्या कडांना चिकटून राहायचं ते हेच.

गुपित मिळालं या आनंदात पहिली खेप केली. साल घातली होती, तरी सूप ते नव्हतंच. बाबांनी वाटी संपवली, काही बोलले नाहीत.

दोन वेळांचा स्वयंपाक

चूक अशी होती की मी सगळं एका संध्याकाळी, भूक लागलेली असताना, चाळीस मिनिटांत करत होते. हॉटेलात कोणी तसं करत नाही. तिथे काम दोन भागांत असतं: वेळखाऊ भाग सकाळी, शांतपणे. ऑर्डर आल्यावर फक्त शेवटची काही मिनिटं. कामं ठाण्यांत वाटून देण्याची शिस्त ज्यांच्या नावाशी जोडली जाते ते फ्रेंच आचारी ओग्युस्त एस्कॉफिए १९३५ मध्ये वारले, पण व्यावसायिक स्वयंपाकघरं आजही बरीचशी त्याच वळणाने चालतात. (जाता जाता: रेस्टॉरंट हा शब्द मुळात जागेचा नव्हताच. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये थकलेल्याला ताकद देणाऱ्या सुपाला तो म्हणत. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं.)

म्हणून तुमच्या पदार्थाचे दोन ढीग करा: आधी होऊ शकणारं आणि शेवटीच व्हायला हवं असलेलं. परतलेला कांदा, भाजलेले टोमॅटो, हाडांचं किंवा भाज्यांचं पाणी पहिल्या ढिगात. लिंबू, ताजी पानं, लोणी, कुरकुरीत काही असेल तर ते, दुसऱ्यात.

कांद्यावर थोडं थांबते, कारण माझ्या सुपाचा खरा पाया तोच निघाला. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं. पाणी आहे तोवर तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास अडकून राहतं, आणि ज्या क्रियेने पदार्थ तपकिरी, खमंग होतो ती साधारण १४० अंशांपासून पुढे वेग घेते. लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती मायार क्रिया. मोठी आच केली तर कडा जळतात आणि आतलं पाणी तसंच राहतं. मंद आचेवर आधी पाणी जाऊ द्या, मग रंग येऊ द्या. तळाला धरलं की दोन चमचे पाणी टाकून उलथन्याने खरवडा. तो तपकिरी थर म्हणजेच चव, तो भांड्यात ठेवू नका. पाव किलो पातळ चिरलेल्या कांद्याला मला चाळीस मिनिटं लागतात, अर्ध्या किलोला पन्नासच्या वर. चिमूटभर खायचा सोडा घातला तर रंग लवकर येतो, पण कांद्याचा लगदा होतो आणि थोडा जास्त पडला तर साबणासारखा वास येतो. वाटून घ्यायच्या सुपात चिमूट चालते, इतरत्र मी घालत नाही.

हा कांदा आता मी रविवारी एकदम करते. पसरट ताटात लवकर निववून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, नाहीतर बर्फाच्या साच्यात घालून फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने.

आच

हॉटेलच्या शेगडीची ताकद घरच्या शेगडीच्या कितीतरी पट असते. ती घरी आणता येत नाही, पण भांड्यात माल कमी घालता येतो. फ्राइड राइस किंवा नूडल्स चार जणांचे एकदम परतायला घेतले की भांडं गार पडतं, पाणी सुटतं आणि परतायच्या ऐवजी पदार्थ वाफवला जातो. एका वेळी एका ताटलीपुरतंच करा. भात आदल्या दिवशीचा, फ्रीजमधला घ्या, तो कोरडा आणि मोकळा असतो. जे काही भाजायचं ते आधी पुसून कोरडं करा. बटाट्याचे फ्राइज दोनदा तळा: आधी १५० अंशांच्या आसपास शिजेपर्यंत, मग गार करून १९० ला रंग येईपर्यंत. तेलासाठीचा थर्मामीटर ही माझी सगळ्यात उपयोगी पडलेली खरेदी आहे.

मीठ मोजा

पाचव्या खेपेपर्यंत मी मीठ अंदाजाने घालत होते. मग सगळी भांडी रिकामी तोलली आणि वजन वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं. सुपाचं पातेलं १ किलो १४० ग्रॅम. आता भरलेलं पातेलं तोलायचं, वजा करायचं, आणि मीठ टक्क्यांत घालायचं. बहुतेक पदार्थ एकूण वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास, सूप त्याच्या किंचित खाली, ०.८ ते ०.९ वर, "हॉटेलसारखं" लागतं.

इथे मला अडचण आली, कारण बाबांना रक्तदाब आहे. ०.९ टक्क्यांनी ३०० ग्रॅमच्या वाटीत पावणेतीन ग्रॅम मीठ जातं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला सगळ्या दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते. मी ०.६ वर आले, आणि कमी झालेली धार दुसऱ्या ठिकाणून भरली: साल थोडी मोठी (तिच्यातही मीठ असतं, ते धरून), आणि गॅस बंद केल्यावर लिंबाचे थेंब. आंबटपणा मिठाला उचलून धरतो. लिंबू उकळत घातलं तर त्याचा वास उडून जातो.

एका वेळी एकच बदल

दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने सुधारलं ते कळत नाही. मी प्रत्येक खेपेला एकच बदल केला आणि तो तारखेसकट लिहिला. खरा फरक पडला का, हे पाहायला तीन वाट्यांची चाचणी करा: दोन वाट्यांत जुनं, एकात नवं, किंवा उलट, आणि खाणाऱ्याला फक्त वेगळी वाटी ओळखायला सांगा. नुसत्या अंदाजानेही तीनातून एकदा बरोबर येतं, म्हणून निदान पाच-सहा वेळा तरी करा. भावाला आणि बाबांना मी डोळे मिटून बसवलं होतं. आधीपासून मनात धरलेला महागड्या लोण्याचा फरक दोघांनाही ओळखता आला नाही. वाटी गरम पाण्यात ठेवून कोरडी केली होती, तो फरक दोघांनीही दर वेळी ओळखला.

दहाव्या खेपेचं माप असं ठरलं. एक किलो पिकलेले टोमॅटो अर्धे करून, कापलेली बाजू वर ठेवून, ओव्हनमध्ये २०० अंशांवर पाऊण तास. अर्धा किलो कांदा ४० ग्रॅम लोण्यात वर सांगितल्यासारखा. दोन्ही एकत्र, ६०० मिलिलिटर पाणी, ३० ग्रॅमची साल, पंचवीस मिनिटं मंद उकळी. साल काढा, वाटा, गाळा, तोला, मीठ घाला. आच बंद करून २० ग्रॅम गार लोणी घुसळा, म्हणजे ते तेलासारखं वर न तरंगता आत मिसळतं. मग लिंबू. गरम वाटीत वाढा.

बाबांनी ते प्यालं, खूश झाले, पण म्हणाले, "जवळ आलंय."

मी वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. सगळ्या नोंदी "पहिला घोट" या शब्दांपासून सुरू होत होत्या. तिथे वेटर सूप ठेवल्यावर लाकडी चक्कीतून मिरी दळायचे, बाबा हाताने "बस" म्हणायचे, मग मी चमचा उचलायचे. ते माझ्या वहीत कुठेच नव्हतं, कारण ते घोटाच्या आधी घडायचं. मी मिरपूड डब्यातली, पातेल्यात घालत होते, आणि दळलेल्या मिरीचा वास तर डब्यात पडून राहिला की लवकर विरतो.

अकराव्या खेपेला मी वाटी बाबांपुढे ठेवली आणि चक्की घेऊन शेजारी उभी राहिले. तीन फिरक्यांनंतर त्यांनी हात वर केला, "बस."